देणगीदाराला अर्धीच संघटना दाखवली तर

ताई, नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोड कामगारांमध्ये काम करणाऱ्या एका संघटनेत आहे. चार वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक कामासाठी पैसा देणाऱ्या) विभागातली नोकरी सोडून इथे आले. मला कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांवर, जाऊन काम करायचं होतं, पण 'तुला इंग्रजी येतं, एक्सेल येतं' म्हणून निधीचं काम गळ्यात पडलं. संघटनेचा वर्षाचा खर्च १४ लाख. तो जमवायचा मीच. त्यातले ६ लाख एकटे एक निवृत्त उद्योजक देतात, आमच्या साखरशाळेसाठी, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या पोरांच्या शाळेसाठी. माणूस वाईट नाही. पण गेल्या हंगामात आम्ही कारखान्यावर मोर्चा नेला, फोटोसकट बातमी आली आणि रात्री दहा वाजता त्यांचा फोन. "पोरांना शिकवताय ते चांगलं आहे. हे मोर्चे कशाला? तिथे माझे व्याही संचालक आहेत. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत तुम्ही." या वर्षीचा चेक अजून आलेला नाही.

अध्यक्षांना आम्ही भाई म्हणतो. ते म्हणतात, "तू सांभाळून घे." म्हणजे नक्की काय करू? अहवालातून मोर्चाचे फोटो मी दरवर्षी काढतेच, तेही भाईंच्याच सांगण्यावरून. त्या उद्योजकांच्या वाढदिवसाला साखरशाळेत शाल-श्रीफळ झालं, तेव्हा पोरं उन्हात ताटकळत उभी होती. मला माझीच लाज वाटली. एवढं करून बैठकीला गेले की 'आल्या आमच्या कॉर्पोरेट ताई'. मानधन महिना १६ हजार. वाढवून मागितलं तर 'चळवळीत पगार मागतात का' हे ऐकावं लागलं.

आणखी दोन गोष्टी. न्यू जर्सीतला माझा आतेभाऊ २ हजार डॉलर द्यायला तयार आहे. तो आता तिकडचा नागरिक आहे. 'आईच्या खात्यात पाठवतो, तिथून तुम्ही घ्या' म्हणतो. आणि आमच्या एका कार्यकर्त्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचंय, त्याच्या प्रचाराला संघटनेच्या खात्यातून थोडे पैसे द्यावेत असं भाईंच्या मनात आहे.

हे काम सोडू का?

(नाव छापू नये.)

*

प्रिय मैत्रिणी,

सोडायचं की नाही ते शेवटी बघू. आधी त्या रात्रीच्या फोनचं.

तुझं पत्र मी दोन-तीन ओळखीच्या कार्यकर्त्यांना नाव-गाव गाळून वाचून दाखवलं. सगळ्यांचं एकच उत्तर आलं. भांडवलदाराचा पैसा घेतला की हे होणारच, तत्त्व सोडू नका, पैसा सोडा. बोलायला सोपं आहे. ज्यांनी हे सांगितलं त्यांतल्या एकालाही आयुष्यात पावतीपुस्तक घेऊन दुसरा जिना चढावा लागलेला नाही.

मला त्या फोनमध्ये वेगळंच काहीतरी ऐकू आलं. तो गृहस्थ धमकी देत असेल, नाही असं नाही. पण त्याच्या आधी तो चकित झालेला आहे. चार वर्षं त्याच्या हातात जो अहवाल पडला त्यात पाटी-पेन्सिल घेतलेली पोरं होती, खिचडी होती, २६ जानेवारीचं झेंडावंदन होतं. मोर्चा नव्हता. घोषणा नव्हत्या. मुकादम, म्हणजे कामगारांची टोळी आणणारा ठेकेदार, हा शब्द तरी होता का? मग एके दिवशी सकाळी पेपर उघडला तर त्याच संघटनेचा फलक त्याच्या व्याह्यांच्या कारखान्याच्या गेटवर. तू त्याच्या जागी असतीस तर तुलाही फसवल्यासारखं वाटलं असतं. त्याला तुम्ही अर्धी संघटना दाखवलीत, त्याने त्या अर्ध्या संघटनेला पैसे दिले, आणि उरलेली अर्धी दिसल्यावर तो म्हणतोय की हे माझ्याशी ठरलं नव्हतं. त्याचं हे म्हणणं खरं आहे.

आता त्याच्याकडे जाऊन मोर्चाबद्दल दिलगिरी व्यक्त करायची, असा याचा अर्थ काढू नकोस. जे चार वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं ते आता सांगायचं.

आणि ते सांगण्यासारखं आहे गं. साखरशाळा कशासाठी लागते? दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगरकडून नवरा-बायको निघतात. दोघं मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली, ती बहुतेक वेळा आधीच्या आजारपणात नाहीतर लग्नात खर्चून गेलेली. घरी पोरांना बघायला कुणी नसतं म्हणून पोरं सोबत येतात. बाई आजारी पडली आणि कामाला गेली नाही की खाडा धरून दंड, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीच्या हिशेबात चढवतो. हंगाम संपताना हिशेब फिटत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा यायचं, आणि पुन्हा पोरांना आणायचं. तुमचा मोर्चा त्या हिशेबासाठी, कोप्यांवरच्या पाण्या-संडासासाठी होता ना? म्हणजे ती पोरं साखरशाळेत का आहेत याचं उत्तर मोर्चात होतं. उद्योजकाला हे कळणार नाही असं तुम्हाला का वाटलं? त्याने उभा जन्म कामगारांचे पगार, उचल, अॅडव्हान्स यांचेच हिशेब केलेत. तुमच्या संघटनेतल्या निम्म्या प्राध्यापकांपेक्षा त्याला हे लवकर कळेल.

तेव्हा त्याच्याकडे जा. फोन नको, व्हॉट्सअॅप तर नकोच. आणि एकटी जाऊ नकोस, भाईंना घेऊन जा. हे महत्त्वाचं आहे. मोर्चा भाईंनी काढला, त्याचं समर्थन त्यांनी करायचं. सोबत एखादी ऊसतोड बाई आली तर फारच चांगलं, पण तिला तिथे दाखवायला नेऊ नका. तिची इच्छा असेल तर, आणि तिचा खाडा भरून देऊन न्या. बोलायचं साधारण असं:

"साहेब, तुमचा राग आम्ही समजू शकतो. आम्ही तुम्हाला फक्त शाळा दाखवत आलो. संघटनेचं काम त्याहून मोठं आहे आणि ते आम्ही आधीच सांगायला हवं होतं. मोर्चे यापुढेही निघतील, कदाचित याच कारखान्यावर निघतील. तुम्हाला फक्त शाळेलाच पैसे द्यायचे असतील तर त्याचं वेगळं खातं ठेवू, प्रत्येक रुपयाचा हिशेब तुम्हाला मिळेल. पण संघटनेने काय बोलावं याची अट घालून दिलेली देणगी आम्ही घेत नाही. तुम्हाला हे पटलं नाही तरी आमची तक्रार नाही. शाळेला चार वर्षं तुम्ही हात दिलात हे आम्ही विसरणार नाही."

एवढंच. मग गप्प बसायचं. आपल्या लोकांना गप्प बसता येत नाही, लगेच भाषण सुरू होतं. भाईंना वाटेत गाडीतच सांगून ठेव.

तो काय म्हणेल? कदाचित म्हणेल, फक्त शाळेसाठी देतो. घ्या. ठरावीक कामासाठी दिलेली देणगी हा सरळ व्यवहार आहे, फक्त ती त्याच कामावर खर्च झाली पाहिजे आणि तुमच्या ताळेबंदात तशी दिसली पाहिजे. अट पैशाला घालू दे, तोंडाला नको. कदाचित म्हणेल, मी व्याह्यांशी बोलतो, चहाला बसू, मिटवून टाकू. इथे जपून. हे ऐकायला फार बरं वाटतं आणि भाईंसारखी जुनी माणसं त्याला भुलतात, कारण दिवाणखान्यात मान मिळतो. 'कारखान्याशी बोलणी व्हावीत ही आमचीच मागणी आहे, पण ती कामगारांच्या प्रतिनिधींसोबत, कारखान्याच्या कार्यालयात' असं नम्रपणे सांगायचं. आणि कदाचित तो चेक देणारच नाही. तेही होऊ शकतं, त्याची तयारी ठेवूनच जा.

तयारी म्हणजे काय, तर मुळात दुखणं कुठे आहे ते बघ. १४ लाखांतले ६ लाख एका माणसाचे. जवळजवळ ४३ टक्के. हा माणूस देवमाणूस असता तरी हे धोक्याचं होतं. उद्या त्याला काही झालं, मुलांनी धंदा विकला, सून म्हणाली आता पुरे, तर तुमची शाळा जानेवारीत बंद. शिवाय खरं सांग, हा ४३ टक्क्यांचा आकडा तुमच्या सभासदांना माहीत आहे? १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना नाव न कळता देणगी देण्याचे निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले तेव्हा आपल्या सगळ्या गोटात आनंदीआनंद होता. पक्षाला पैसा कोण देतो हे मतदाराला कळलंच पाहिजे, यावर आपण भाषणं दिली, लेख लिहिले. मग आपल्या संघटनेला पैसा कोण देतो हे आपल्याच सभासदाला का कळू नये? हे कधी वार्षिक सभेत वाचून दाखवलंत?

राजस्थानातली मजदूर किसान शक्ती संघटना तुला ठाऊक असेलच. १९९० साली भीम गावात स्थापन झालेली, माहितीच्या अधिकाराच्या लढ्यात पुढे असलेली. त्यांनी सुरुवातीपासून परदेशी पैसा घेतला नाही, पूर्णवेळ कार्यकर्त्यांना किमान वेतनाइतकंच मानधन ठेवलं, आणि पंचायतीचा हिशेब चव्हाट्यावर मागताना स्वतःचा हिशेबही लोकांपुढे ठेवला. त्यामुळे 'तुमचा बोलविता धनी कोण' हा प्रश्न त्यांच्या बाबतीत टिकला नाही. तुमच्याबाबत तो उद्या कारखान्याचा एखादा संचालक विचारेल, आणि दुर्दैवाने उत्तर त्याच्याच घरात असेल.

म्हणून 'तू सांभाळून घे' हे वाक्य यापुढे ऐकून घेऊ नकोस. यात भाईंनी दोन गोष्टी तुझ्यावर ढकलल्यात. देणगीदाराला काय सांगायचं हा संघटनेच्या धोरणाचा प्रश्न आहे, तो महिना १६ हजारांवर काम करणाऱ्या आणि बहुधा कार्यकारिणीत मतही नसलेल्या मुलीने परस्पर सोडवायचा. आणि चुकला तर खापर तिच्यावर. पुढच्या कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेत 'देणग्यांबाबतचे धोरण' हा विषय लेखी घालायला लाव. पान-दीड पानाचा ठराव पुरेसा आहे. कुणाचा पैसा घ्यायचा नाही, कोणत्या अटी चालतील, एका देणगीदाराचा वाटा कितीपर्यंत, आणि नकार द्यायची वेळ आली तर तो कोण देणार. माझं मत विचारशील तर एकाचा वाटा चौथाईच्या वर जाऊ देऊ नका, आणि नकार नेहमी अध्यक्षांनी द्यावा. त्यातच हेही लिहा की साखरशाळेत कुणाचेही वाढदिवस, सत्कार होणार नाहीत. ज्याला पोरांना भेटायचंय त्याने वर्ग चालू असताना यावं, मागे सतरंजीवर बसावं. देणगीदारांचे फोन संध्याकाळी सातनंतर घेऊ नकोस, संघटनेचा नंबर दे. त्याला ठराव लागत नाही.

बरं, मग ६ लाख कुठून आणायचे?

तू सीएसआरमधून आलीस म्हणून पहिला विचार तिकडचा येईल. कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, हे तुला मी काय सांगणार. पण तो पैसा शाळेला, टॅबला, पाण्याच्या टाकीला मिळतो. मुकादमाचा हिशेब तपासणाऱ्या कार्यकर्त्याला मिळत नाही, आणि मिळावा म्हणून धडपडलीस तर तुला पुन्हा अर्धी संघटना दाखवावी लागेल. तो मार्ग शाळेपुरता ठेव.

आपल्याकडे लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवायची परंपरा मोठी आहे, पण आपण ती भाषणात वापरतो आणि कामात विसरतो. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊरावांनी मूठ-मूठ धान्य गोळा करून वसतिगृहं चालवली. पुण्यात हमाल पंचायत उभी राहिली ती पाठीवर पोतं वाहणाऱ्यांच्या स्वतःच्या वर्गणीवर. कष्टाची भाकर केंद्र त्यांनी १९७४ मध्ये सुरू केलं आणि ते आजही जेवायला घालतंय. या सगळ्यात रक्कम लहान होती आणि देणारे खूप होते, त्यामुळे एकट्या कुणाचा आवाज चालला नाही.

तुमच्याकडे पहिली वर्गणी ऊसतोड कामगारांचीच हवी. दचकू नकोस. 'ते कर्जात बुडालेले, त्यांच्याकडे काय मागायचं' हे वाक्य मी किमान पाच संघटनांमध्ये ऐकलंय, आणि ते बोलणारा दर वेळी मध्यमवर्गीय होता. कोयत्यामागे हंगामाला ५० रुपये, छापील पावती, पावतीवर बाईचं नाव वेगळं आणि पुरुषाचं वेगळं. यातून फार तर काही हजार जमतील. पण ती पावती ज्याच्या खिशात आहे तो वार्षिक सभेत उठून विचारू शकतो की माझ्या पैशाचं काय केलंत. सध्या तुमच्याकडे हा प्रश्न विचारायचा हक्क फक्त व्याही असलेल्या माणसाला आहे.

खरी रक्कम मात्र दुसरीकडून येईल. पुरोगामी चळवळींना महाराष्ट्रात पैसा दिला तो शिक्षकांनी, प्राध्यापकांनी, बँक आणि एलआयसीतल्या कर्मचाऱ्यांनी. ही पिढी आता निवृत्त होतेय किंवा झालीय. तिच्याकडे पेन्शन आहे, वेळ आहे, आणि कुणी बोलवत नाही म्हणून थोडा सलही आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात अशी माणसं किती असतील! त्यांच्याकडे ५ हजारांची एकरकमी देणगी मागू नकोस. महिना २०० रुपये माग, बँकेला कायमची सूचना किंवा यूपीआयची ऑटो-पे. २५० माणसं महिना २०० देतात म्हणजे वर्षाचे ६ लाख झाले. एका वर्षात होणार नाही, तीन वर्षं धर. आणि त्यांना दर तीन महिन्यांनी एक पानाचं पत्र पाठव, ज्यात मोर्चाही असेल, हरलेली बोलणीही असतील आणि शाळेतली पटसंख्याही. या लोकांना चकचकीत अहवाल बघवत नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आर्ट पेपरवर छापलेला अहवाल आला की देणगी निम्मी करतात!

दोन व्यवहाराच्या गोष्टी इथेच सांगते. मोर्चात क्यूआर कोड फिरवायची टूम निघालीय. पैसे येतात, पण देणाऱ्याचं नाव-पत्ता येत नाही, आणि निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की त्यावर ३० टक्के कर बसतो. तेव्हा क्यूआरशेजारी वही घेऊन एक मुलगा उभा कर. आणि देणगीवर मिळणाऱ्या करसवलतीचं आमिष फार दाखवू नकोस. २ हजारांवरच्या रोख देणगीला ती नाहीच, आणि ज्याने नवी करप्रणाली घेतलीय त्याला एरवीही मिळत नाही. नंतर तो तुलाच फोन करून विचारेल.

आता आतेभाऊ. नाही. साफ नाही. तो अमेरिकेचा नागरिक झाला म्हणजे आपल्या कायद्याने तो परदेशी स्रोत, मग त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असो की त्याला अख्खी ज्ञानेश्वरी पाठ असो. परदेशी निधीसाठीची एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेने त्याच्याकडून एक डॉलर घेतला तरी गुन्हा आहे. आत्याच्या खात्यातून फिरवून घेणं म्हणजे तोच गुन्हा लपवून करणं, त्यात म्हातारीलाही गोवणं. तुमच्यासारख्या मोर्चे काढणाऱ्या संघटनेच्या खात्यावर कुणाची ना कुणाची नजर असणारच, हे धरून चाल. हाच आतेभाऊ अजून भारतीय पासपोर्टवर, नोकरीच्या व्हिसावर तिकडे असता तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत उघडपणे देऊ शकला असता. तुझ्या यादीत तसे कुणी असतील तर त्यांना जरूर विचार, पासपोर्टची प्रत फाइलला लाव. आतेभावाला राग येईल. त्याला सांग, पुढच्या वेळी आलास की आठवडाभर कोप्यांवर ये, शिकव.

जिल्हा परिषदेचं उत्तरही तितकंच छोटं आहे. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या, करसवलत घेणाऱ्या संस्थेच्या खात्यातून उमेदवाराच्या प्रचाराला पैसा जाता कामा नये. 'थोडे' हा शब्द लेखापरीक्षकाला समजत नाही. नोंदणी धोक्यात येईल, शाळेसाठी मिळालेल्या पैशाचा घात होईल, आणि उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हाही गुन्हा आहे. कार्यकर्त्याने निवडणूक लढवावी का? माझ्या मते जरूर लढवावी. ऊसतोडीचे प्रश्न सभागृहात मांडणारं कुणी हवंच. पण त्याने संघटनेतलं पद सोडावं, स्वतःचं निवडणूक खातं काढावं, आणि ज्यांना द्यायचंय त्यांनी त्याला स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या नावाने द्यावं. तू त्याच्यासाठी पैसे गोळा करू नकोस. तुझ्या हातातलं पावतीपुस्तक लोकांनी एकाच कामाचं समजलं पाहिजे.

'कॉर्पोरेट ताई' आणि मानधन या गोष्टी तू पत्रात ओझरत्या लिहिल्यास, पण मला वाटतं तुझं खरं दुखणं तिथे आहे.

आपल्या चळवळीत पैशाला हात न लावणं हे सोवळं आहे. बाकीची सगळी सोवळी आपण मोडली, हे एवढं पाळतो. पैसे मागणारा माणूस लागतो, पण त्याने ओसरीवर बसावं! आणि त्यागाची भाषा कुणाला परवडते तेही बघ. मागच्या पिढीतल्या कितीतरी पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या घरात बायको शिक्षिका होती किंवा नर्स. तिचा पगार हा चळवळीचा सर्वांत मोठा आणि एकदाही अहवालात न छापलेला देणगीदार होता. तुमच्या भाईंच्या घरी काय परिस्थिती आहे मला माहीत नाही, पण तू एकदा विचारून बघ की त्यांच्या संसाराचं वाणसामान चाळीस वर्षं कुणाच्या पगारातून आलं. भांडायला नाही, सहज विचार. ज्यांना हे उमगलं होतं त्यांनी वेगळी वाट काढली. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांनी नाटकाचे प्रयोग केले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर त्यात होते, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीच्या व्याजातून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळायला लागलं. नावातच कृतज्ञता आहे, उपकार नाही. कार्यकर्त्याने जगायला पैसे घेणं यात कमीपणा नाही, हे महाराष्ट्रात तेव्हाच ठरून गेलंय. तुमच्या बैठकीत ते पोचलेलं दिसत नाही.

तेव्हा वाढ माग, आणि लेखी माग. नेमणूक पत्र माग, त्यात कामाचं स्वरूप, सुट्टी, दरवर्षीची वाढ. सगळ्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांसाठी एकच श्रेणी माग, म्हणजे तुझ्या एकटीचा हट्ट ठरणार नाही. देणगीतून टक्केवारी देतो असं कुणी सुचवलं तर मात्र घेऊ नकोस. आज नाही तर उद्या तुझ्या तोंडून मोर्चाविरुद्ध शब्द निघेल तो त्यामुळेच. आणि एक गोष्ट तूही कर. महिन्यातले चार दिवस कोप्यांवर जा, आणि महिन्यातला एक दिवस बाकीच्या कार्यकर्त्यांनी, भाईंसकट, पावतीपुस्तक घेऊन बाहेर पडावं अशी अट घाल. जो माणूस दारात उभा राहून दोनशे रुपये मागतो आणि 'नंतर या' ऐकून परत फिरतो, तो दुसऱ्या दिवशी कुणाला कॉर्पोरेट म्हणत नाही.

सोडायचं का? आत्ता नाही. आत्ता सोडलंस तर भाई म्हणतील, दमली बिचारी, आणि तुझ्या जागी दुसरी एक्सेल येणारी मुलगी आणतील, फोटो काढून टाकायला. उद्योजकांची भेट, कार्यकारिणीतला ठराव, तुझं नेमणूक पत्र, या तिन्ही गोष्टी दसऱ्याच्या आत करून घे. एकदा टोळ्या यायला लागल्या की तुम्हाला कुणालाच मार्चपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि मग 'हंगाम संपू दे' म्हणत सगळं पुढच्या वर्षावर जातं. ठराव झाला, मानधनाचं लेखी झालं तर राहा. भाईंनी विषयच पत्रिकेवर घेतला नाही, किंवा भेटीला तुला एकटीलाच पाठवलं, तर मार्चचा ताळेबंद नीट पूर्ण कर, देणगीदारांची यादी आणि खाती लेखी पोच घेऊन सोपव आणि खुशाल दुसरीकडे जा. कोप्यांवर काम करणाऱ्या संघटना मराठवाड्यातही आहेत, आणि हिशेब येणारी कार्यकर्ती त्यांना कुठे मिळत नाही.

या वर्षीचा अहवाल अजून छापखान्यात गेला नसेल तर मोर्चाचा फोटो त्या महिन्याच्या पानावर घाल. मुखपृष्ठावर नको, उगाच डिवचल्यासारखं होईल. आणि खाली ओळ लिहिताना कारखान्याचं नाव, तारीख आणि मागण्या एवढंच लिही. उद्योजकांना त्यांची प्रत टपालाने पाठवू नकोस, भेटीला जाताना सोबत ने.

तुझी,
ताई